पोपटाची चोच, पण कुठल्या झाडाची?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंनी गेल्या जूनमध्ये एका प्रदर्शनातून रोप आणलं. कुंडीला कागद होता, ‘पॅरट्स बीक’. त्या नावाखाली इंटरनेटवर जे सापडलं ते त्यांनी वाचलं आणि मन लावून केलं. रोप टांगत्या कुंडीत लावलं, तीन-चार दिवसांआड पाणी दिलं, झाड भरावं म्हणून तीनदा शेंडे खुडले, ऊन चटकायला लागलं की घरात आणलं. आता फेब्रुवारी संपत आलाय. फूल एकही नाही, नवी पानं पिवळी येतात, जुन्यांच्या कडा करपल्यात. शिवाय रत्नागिरीजवळ गावी घर आहे, तिथे हे जमिनीत लावावं का, असंही त्यांनी विचारलंय. सोबत पाच फोटो.

ताई, तुमच्या पाचव्या फोटोवरच मी थांबलो. पान लांबट, कर्दळीसारखं, मधोमध ठसठशीत शीर, आणि देठ एकात एक गुंडाळून केळीसारखी झालेली कांडी. हे झाड हेलिकोनिया आहे. तुम्ही वाचलंत ते सगळं मात्र दुसऱ्याच एका झाडाबद्दल होतं. त्याचं पान सुईसारखं बारीक आणि रुपेरी असतं, ते कुंडीतून खाली लोंबतं, आणि त्याच्या बाबतीत तुम्ही केलेली एकूण एक गोष्ट बरोबर ठरली असती. हेलिकोनियाच्या बाबतीत नेमकी तीच एकूण एक उलटी पडली. रोप अजून जिवंत आहे यावरून त्याची जात किती चिवट आहे ते कळतं.

हा घोळ तुमचा एकटीचा नाही. मी सव्वीस वर्षं रोपं विकतोय, त्यातली पहिली आठ पुण्यात आणि पुढची तळकोकणात. ‘पॅरट्स बीक द्या’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो, ‘पान दाखवा’. कारण वाकडं, टोकदार, रंगीत फूल दिसलं की माणसाला जगात कुठेही पोपटच आठवतो. न्यूझीलंडमध्ये लालभडक फुलांचं एक झुडूप आहे, त्याच्या माओरी नावातसुद्धा काका नावाच्या तिथल्या पोपटाची चोचच आहे. आपल्याकडेही तेच. पळसाला संस्कृतात किंशुक म्हणतात, आणि जुने लोक त्याची फोड ‘किं शुकः?’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ अशी करतात. व्युत्पत्ती खरी असो नसो, मार्चमध्ये पळसाची एक पाकळी तळहातावर घेऊन बघा, प्रश्न पटतो.

आपल्या नर्सऱ्यांत या नावाने मुख्यतः तीन झाडं विकली जातात. पहिलं तुमचं, हेलिकोनिया सिटॅकोरम. सिटॅकोरम म्हणजेच ‘पोपटांचं’. हे मूळचं कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातलं, उष्ण आणि ओल्या हवेतलं. केळी, कर्दळ, आलं, हळद ही त्याची भावकी. दुसरं, तुम्ही ज्याच्याबद्दल वाचलंत ते लोटस बर्थेलोटी. नावात लोटस असलं तरी कमळाशी काही संबंध नाही, ते हरभरा-वाटाण्याच्या कुळातलं आहे. तिसरं मेलाइना फिलिपेन्सिस. काटेरी, वेलीसारखं पसरणारं झुडूप, ज्याच्या लोंबत्या तांबूस घोसातून पिवळी फुलं बाहेर डोकावतात. आपल्या जंगलातल्या शिवणीची ही सख्खी चुलतबहीण. तिच्यावर मी फार शाई घालवत नाही, कारण तिला काही लागतच नाही. भरपूर ऊन, चढायला किंवा लोंबायला जागा, आणि वर्षातून एकदा निर्दय छाटणी, एवढ्यावर ती खूश असते. फक्त काटे आहेत, जिन्याजवळ लावू नका.

आता लोटस बर्थेलोटीचं थोडं सांगतो, म्हणजे तो सल्ला तिथे का बरोबर आहे आणि तुमच्याकडे का नाही ते उलगडेल. हे झाड स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफचं, जगात दुसरीकडे ते आपोआप उगवत नाही. १८८१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते साबॅं बर्थेलो या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ. तेव्हाही ते दुर्मीळच होतं आणि आजही रानात अगदी मोजकं उरलंय, पण फांदीपासून सहज रोप होतं म्हणून जगभरच्या बाल्कन्यांत आहे. त्याच्या फुलाचं एक नवल आहे. लाल-केशरी, दोन-चार सेंटिमीटरची, खरोखर पोपटाच्या चोचीसारखी वळलेली ही फुलं पक्ष्यांसाठी घडलेली आहेत, हे बघताक्षणी कळतं. पण त्या बेटांवर आपल्या शिंजिरासारखा मध पिणारा पक्षीच नाही. पूर्वी असा एखादा पक्षी असेल आणि तो नामशेष झाला असेल, असा तर्क बरीच वर्षं चालला. पुढे या गटातल्या फुलांवर वटवट्याच्या कुळातले साधे, एरवी किडे खाणारे पक्षीच मध प्यायला येताना दिसले.

त्या बेटावरचं हवामान म्हणजे सौम्य ऊन आणि समुद्रावरून येणारा गारवा. लोटस बर्थेलोटीला कळ्या धरायला गार रात्री लागतात, उकाडा वाढला की फुलणं थांबतं. मुळात पाणी साचलं तर कुजतं. शेंडे खुडले की बाजूने फुटतं आणि कुंडी भरते. म्हणून टांगती कुंडी, बेताचं पाणी, खुडणी, उन्हाळ्यात सावली. सगळं त्या झाडापुरतं शहाणपणाचं.

आता तुमचं झाड घ्या. हेलिकोनियाची वर दिसणारी कांडी म्हणजे खरं खोड नव्हे, केळीसारखीच पानांच्या देठांची गुंडाळी. खरं खोड मातीत आडवं असतं, आल्यासारखं गाठीगाठींचं. त्यातून फुटवा वर येतो, त्याला एकेक पान फुटत जातं. माझ्या अनुभवात पाच-सहा पानं झाली की त्याच गुंडाळीच्या मधून फुलाचा दांडा वर सरकतो आणि शेवटच्या पानाच्या गळ्यातून बाहेर पडतो. फुटवा मातीवर दिसल्यापासून याला तीन ते चार महिने लागतात. एका कांडीला एकच दांडा, पुन्हा नाही. तुम्ही तीनदा शेंडे खुडलेत. म्हणजे तीनदा एक तर वर येणाऱ्या दांड्याची मान कापलीत, नाही तर त्याला पोसणारी पानं. फूल कसं येणार? आणि खुडल्याने ही कांडी बाजूने फुटतही नाही. हेलिकोनिया वर फाटे काढत नाही, जे काही फुटायचं ते खालून.

टांगती कुंडी तर त्याला तुरुंगच झाली. आडवं खोड दरवर्षी पुढे सरकत जाणार, त्याला पसरायला जागा हवी. दहा इंची कुंडीत ते भिंतीला जाऊन अडतं आणि वळून स्वतःवरच गुंडाळतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगलीय ना, तो आतून आलेला धक्का आहे. पाण्याचंही तसंच. ओल्या प्रदेशातलं झाड चार-चार दिवस कोरडं ठेवलं की पानांच्या कडा आधी करपतात. पुण्यात मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की मातीत ओल असूनही कडा थोड्या जळतात. तेवढं सोडून द्यायचं. चौथ्या मजल्यावरच्या वाऱ्याने पानं केळीच्या पानासारखी चिरतील, तेही सोडून द्यायचं. त्याने झाडाचं काही बिघडत नाही, फक्त आपल्या डोळ्यांना खुपतं.

पिवळ्या पानांचं मात्र सोडून देऊ नका. तुमच्या तिसऱ्या फोटोत नवं पान पिवळं आहे पण शिरा हिरव्या आहेत. ही लोहाची कमतरता. मातीत लोह नसतं असं नाही, पण पाणी आणि माती चुनखडीची, अल्कधर्मी असली की मुळांना ते उचलता येत नाही. तुम्ही लिहिलंय की सोसायटीत बोअरचं पाणी आहे आणि माती जवळच्या शेतातली काळी. मग वेगळं कारण शोधायलाच नको. हेलिकोनियाला किंचित आम्लधर्मी माती आवडते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत त्याला हा आजार क्वचितच होतो, पुण्या-नगरच्या काळ्या मातीत हमखास. पिवळं पान खालचं, जुनं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहुधा मॅग्नेशियम कमी पडतंय. कुठलं पान आधी पिवळं पडतं हे बघायची सवय लावून घ्या, निम्मं निदान तिथेच होतं.

यावर उपाय म्हणून दुकानात ‘चिलेटेड आयर्न’, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, मागितलंत तर बहुतेक वेळा ईडीटीए प्रकारचं हातात पडेल. ते अल्कधर्मी मातीत टिकत नाही. पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. महाग असतं, पण लिटरला एक ग्रॅम पुरतं. गडद लाल पाणी होतं त्याचं, ते संध्याकाळी मातीत ओता, फरशीवर सांडू नका, डाग पडतो. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळं पडलेलं पान बहुधा पूर्ण हिरवं होणार नाही, त्याच्या पुढचं पान हिरवं आलं की समजा लागू पडलं. आणि पावसाळ्यात गच्चीवरून पडणारं पाणी दोन बादल्या धरून ठेवता आलं तर त्याच्यासारखं औषध नाही.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रात्रीची थंडी मोडली की, झाड मोठ्या कुंडीत हलवा. कुंडी खोल नको, पसरट हवी. सोळा ते अठरा इंच तोंडाची, किंवा तेवढीच ग्रोबॅग. तळाला भोकं नीट आहेत ना बघा. ओल आवडते याचा अर्थ चिखल आवडतो असा नाही, साचलेल्या पाण्यात याचा गड्डा, म्हणजे मातीतलं ते आडवं खोड, कुजतोच. काळी माती शक्यतो झटकून टाका. दोन घमेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं धुतलेलं कोकोपीट, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट धुऊन घ्या म्हणजे घ्याच, त्यातल्या खारामुळेही कडा जळतात. आत्ता गड्डा फोडू नका. उन्हाळा तोंडावर आहे, जखमी मुळं आणि चाळीस अंशांचं ऊन हे दोन्ही एकदम नको. नुसतं उचलायचं आणि ठेवायचं. वर दोन बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन.

बाल्कनी पूर्वेची आहे म्हणालात. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळत असेल तर झाड जगेल, फुलेल बेताने. जास्त उन्हात जास्त फुलं, हा या जातीचा सरळ हिशेब आहे. म्हणून कठड्याला लागून ठेवा, आत दिवाणखान्यात नेऊ नका. मोठ्या पानांच्या काही हेलिकोनियांना झाडाखालची सावली चालते, या बुटक्या जातीला ऊन लागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन येत असेल तरच पांढरं नेट आडवं लावा. पाणी उन्हाळ्यात रोज, सकाळी. पावसाळ्यात बोट घालून बघा, वरची माती कोरडी वाटली तरच. डिसेंबर-जानेवारीत दिवसाआड. पुण्यात रात्रीचा पारा पंधराच्या खाली उतरला की हे झाड जवळजवळ झोपतं. तेव्हा खत नको, जास्त पाणी नको, आणि ‘वाढत का नाही’ म्हणून हलवाहलव तर मुळीच नको. अनेक झाडं मी अशा काळजीने मेलेली पाहिलीत.

खताला हे झाड अधाशी आहे, केळीसारखंच. मार्च ते ऑक्टोबर दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि मुठभर पेंड. फुलं हवी असतील तर पोटॅश लागतंच. ०:०:५० म्हणून पाण्यात विरघळणारं मिळतं, ते लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. नुसता युरिया घातलात तर पानं मस्त होतील, पाहुणे कौतुक करतील, आणि तुम्ही पुढच्या फेब्रुवारीत मला पुन्हा लिहाल.

जूनमध्ये दोन-तीन पाऊस होऊन हवा गार झाली की गड्डा फोडायचा. हे काम एकदा डोळ्यांसमोर उभं करतो, कारण इथेच लोक घाबरतात. कुंडी आडवी करून पूर्ण गोळा बाहेर काढा आणि बादलीत बुडवून माती धुऊन टाका. आता दिसतील त्या आडव्या, बोटाएवढ्या जाड, हस्तिदंती रंगाच्या कांड्या, त्यावर कागदासारखी तपकिरी सालं. साल बाजूला सारलीत की टोकाशी गुलाबीसर, टोकदार डोळा दिसेल. तो पुढचा फुटवा. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि असे तुकडे करा की प्रत्येकाला एक-दोन उभ्या कांड्या आणि निदान एक डोळा असेल. कापलेली जागा पांढरीशुभ्र, करकरीत आणि आल्यासारखी ओली दिसली पाहिजे. तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाची दिसली तर निरोगी भाग लागेपर्यंत कापत जा, आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. उभ्या कांड्या वीतभर ठेवून वरून छाटा. होय, इथे छाटायचं. मुळं कमी झाली की पानांचा भार उतरवावा लागतो. तुकडे एक दिवस सावलीत सुकू द्या, ट्रायकोडर्मा ही कूज रोखणारी उपयोगी बुरशी कालवलेल्या पाण्यात बुडवा आणि चार बोटं खोल आडवे लावा. जुन्या छाटलेल्या कांड्या हळूहळू वाळतील, त्यांच्याकडे बघून हताश होऊ नका. तीन-चार आठवड्यांत शेजारून नवा कोंब मातीला भेग पाडून वर येतो. फूल त्याला येणार, जुनीला नाही.

एक माझं सांगतो. कोकणात आल्यावर पहिल्याच वर्षी मी चाळीस तुकडे भर जुलैत लावले, तेही खोलगट वाफ्यात, ‘याला पाणी आवडतं’ या समजुतीवर. इथला जुलै म्हणजे काय ते पुण्याहून आलेल्या माणसाला माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये खुरपी घातली तर बत्तीस तुकड्यांची पेज झाली होती. तेव्हापासून कोकणात हेलिकोनिया मी गादीवाफ्यावरच लावतो आणि मिरगाच्या पहिल्या सरींवर लावतो, म्हणजे मोठ्या पावसाच्या आत मुळं धरतात.

तुमच्या गावच्या घराचं म्हणूनच सांगतो, तिथे हे झाड तुमच्या बाल्कनीपेक्षा दसपट सुखात राहील. लाल माती, दमट हवा, आणि थंडी अशी नाहीच. कोकणात आणि गोव्यात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून लोक हेलिकोनिया लावतात ते उगाच नाही. माडाची सावली विरळ असते, ऊन गाळून येतं आणि बागेचं शिंपण आयतं मिळतं. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा. पण एक सावधगिरी. तिथे हे पसरतं, आणि पसरतं म्हणजे दोन वर्षांत अंगणाचा कोपरा गिळतं. मी कडेने जुनी मंगलोरी कौलं उभी पुरतो, फूटभर खोल, एकमेकांवर थोडी चढवून. घर शाकारताना काढलेली कौलं प्रत्येक वाडीत पडलेली असतातच. कौलाला अडून गड्डा आतल्या आत वळतो. तीन वर्षांनी वाफा मधोमध विरळ होतो आणि फुलं फक्त कडेला येतात. तेव्हा सगळं उपटून, फोडून, नव्या शेणखतावर पुन्हा मांडायचं. विहिरीच्या काठाला किंवा न्हाणीच्या पाण्यावर लावलंत तर उन्हाळ्यात शिंपायलाही कोणी नको, फक्त पाणी वाहतं असू दे.

तिथे लावायला वेगवेगळ्या वाणांची रोपं मिळतात. ‘गोल्डन टॉर्च’ हा सिटॅकोरमचा संकर, दणकट, पिवळाधमक आणि पहिल्यांदा लावणाऱ्यासाठी सगळ्यांत खात्रीचा. ‘लेडी डाय’ची रंगीत पानं लाल आणि फुलं पिवळसर, दिसायला नाजूक. रंगीत पानं अशासाठी म्हटलं की चोचीसारखा भाग ही पाकळी नव्हे. ते सहपत्र, म्हणजे पानाचंच बदललेलं रूप, बोगनवेलीसारखं. खरी फुलं त्याच्या आतून निघणाऱ्या बारीक नळ्या. साध्या सिटॅकोरमच्या केशरी नळीच्या टोकाला काळसर हिरवा ठिपका असतो, जणू चोच शाईत बुडवली. मूळ देशात त्यावर हमिंगबर्ड येतात. आपल्याकडे ते नाहीत, पण शिंजीर येतो, उलटा लटकतो आणि तेच काम करतो. चौथ्या मजल्यावरही येईल.

किडींचं फार नाही. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात, जिथे देठ कांडीला मिठी मारतो तिथे बसतात. मुंग्यांची रांग दिसली की तिथे बघा. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, मग लिटरला पाच मिली नीमतेल आणि थोडा साबण, संध्याकाळी. खवले कीड असेल तर जुन्या टूथब्रशने घासून काढा. कोकणात पावसाळ्यात गोगलगायी कोवळा कोंब रात्रीत खातात, त्या विजेरी घेऊन वेचाव्याच लागतात. आणखी एक, जास्त छुपं दुखणं म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी. पाणी-खत सगळं असूनही झाड खुरटत चाललं आणि मुळांवर गाठी दिसल्या तर तो तुकडा फेकून द्या, खतात टाकू नका. टोमॅटो-वांगी होती त्या वाफ्यात हेलिकोनिया लावू नका असं मी सांगतो ते याचसाठी.

आणि तुम्हाला जर मनापासून ते तुम्ही वाचलेलं रुपेरी, लोंबतं लोटस बर्थेलोटीच हवं असेल, तर तेही पुण्यात होतं. पण शेवंती-पिटुनियासारखं, थंडीचं पाहुणं म्हणून. ऑक्टोबरअखेर रोप आणा, टांगत्या कुंडीत लावा, निम्मी माती आणि निम्मी जाड रेती-कोकोपीट. पूर्ण ऊन द्या. पुण्याच्या डिसेंबरच्या रात्री दहा-बारा अंशांवर येतात, त्यावर ते कळ्या धरतं आणि मार्चपर्यंत फुलतं. पाणी बेताचं, पण एकदाही पूर्ण वाळू देऊ नका. या झाडाची खोड अशी की एकदा माती कोरडीठाक झाली की दोन दिवसांत सगळी पानं झटकतं आणि बहुधा परत येत नाही. नत्राचं खत जास्त घालू नका, शेंगवर्गातलं आहे. मे महिन्यात अर्ध्यावर कापून थंड, उजेडाच्या जागी ठेवा, पावसात छपराखाली. जगलं तर जगलं. सप्टेंबरमध्ये बोटभर लांबीचे, कळी नसलेले शेंडे रेतीत खोचून नवी रोपं करून ठेवा, महिन्याभरात मुळं धरतात. महाबळेश्वर-पाचगणीला ते जास्त रमेल, फक्त तिथला पाऊस त्याला सोसायचा नाही. रत्नागिरीला नेऊ नका, तिथे फुलायला लागणारी गार रात्रच नाही. माझी पुतणी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहते. तिच्या अंगणाच्या बांधावर हेच झाड बारा महिने गालिच्यासारखं पसरलेलं आहे आणि ती मला दर वर्षी त्याचे फोटो पाठवून खिजवते. तिथलं हवामानच तसं आहे.

एक मात्र बघून घ्या. या नावाने निळ्या-जांभळ्या चोचींचे फोटो लावून बियांच्या पुड्या विकल्या जातात. लोटस बर्थेलोटीची फुलं लाल-केशरी असतात आणि त्याच्या जवळच्या भाईबंदाची पिवळी. निळी येत नाहीत. पैसे वाचवा.

शेवटी तुम्ही विचारलंत की गौरीपुढे ठेवायला फुलं मिळतील का. जूनमध्ये फोडलेल्या तुकड्यांकडून यंदा गौरीची आशा धरू नका, ती दिवाळीच्या सुमाराला. म्हणून सगळा गड्डा फोडू नका. तीन-चार धडधाकट कांड्यांचा एक भाग मातीसकट तसाच ठेवा. मार्चमध्ये मोठ्या कुंडीत गेल्यावर एप्रिल-मेमध्ये जे फुटवे येतील, त्यांच्यातला एखादा गौरीच्या सुमाराला दांडा देईल. तो सकाळी लवकर, दोन चोची उघडल्या की कापा. कापल्यानंतर पुढच्या चोची उघडत नाहीत, त्यामुळे मुकी कळी तोडून काही उपयोग नाही. कांडी अगदी मातीपासून कापा, एकदा फुललेली कांडी परत फुलणार नाहीच, आणि नव्या फुटव्याला जागा होते. संपूर्ण दांडा अर्धा तास पाण्यात आडवा बुडवून ठेवा, चोचींतल्या मुंग्या आपोआप वर येतात. मग पाण्यातच टोक पुन्हा तिरकं कापून फुलदाणीत ठेवा, आठ-दहा दिवस सहज राहतो. आदल्या दिवशी तोडून ठेवणार असाल तर ओल्या फडक्यात गुंडाळून न्हाणीघरात ठेवा. फ्रिजमध्ये नको, गारठ्याने चोची काळ्या पडतात.